चौथीचा जून: ‘वर्ग ऐकत नाही’ या तक्रारीचा एक प्रकरण अभ्यास

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे जंगलाचा पट्टा लागतो. तिकडच्या एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेतलं हे प्रकरण आहे. शाळा पहिली ते सातवी, शिक्षक चार. पहिली ते तिसरीची मुलं एका खोलीत नलीकली पद्धतीनं, म्हणजे गटागटानं कार्डांवरून आपापलं शिकत, बसतात, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत, सहावी-सातवी तिसऱ्या. चौथी खोली पावसात गळते, म्हणून तिच्यात सामान ठेवलेलं असतं. चौथी-पाचवी माझ्याकडे असते. त्या वर्षी चौथीत 14 मुलं होती आणि पाचवीत 11. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाची एक छात्रशिक्षिका इंटर्नशिपसाठी शाळा उघडायच्या दिवशीच आली आणि मुख्याध्यापकांनी तिला माझ्या हाताखाली चौथी दिली. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत.

मुलगी तयारीची होती. बेळगाव शहरात वाढलेली, कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईनं बोलणारी, अक्षर सुंदर. येताना तिनं स्वतः रंगवलेले तक्ते आणले होते. चौथ्या दिवशी तिचा घसा बसला. दुधाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, ही पोरं ऐकतच नाहीत. काय करू सांगा.”

हा प्रश्न जूनमध्ये चौथीसमोर उभ्या राहणाऱ्या कितीतरी नव्या शिक्षकांना पडतो. आमच्या भागात त्याचं एक ठरावीक कारण आहे, आणि प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ते सहसा सापडत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिले चार दिवस

कर्नाटकात शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात. महाराष्ट्रातल्या मुलांची सुट्टी अजून चालू असते तेव्हा इकडे प्रारंभोत्सव होऊन गेलेला असतो. दाराला आंब्याचं तोरण, अंगणात रांगोळी, पहिलीच्या मुलांच्या हातात फूल, दुपारच्या जेवणात काहीतरी गोड. दुसऱ्या दिवसापासून सेतुबंध सुरू. मागच्या इयत्तेचं काय येतं, काय राहिलं हे पूर्वचाचणीनं पाहायचं, राहिलेलं भरून काढायचं आणि शेवटी पुन्हा चाचणी घ्यायची, असं त्याचं स्वरूप असतं.

छात्रशिक्षिकेनं पहिल्या तासाला नियमांचा तक्ता लावला. जागेवर बसावे, हात वर करून बोलावे, शेजाऱ्याच्या वहीत पाहू नये, काम झाल्यावर शांत बसावे, असे दहा नियम. मुलांनी ते मोठ्यानं वाचले, मान डोलावली आणि पाच मिनिटांत मोडायला लागली. कोणी बाक सोडून खाली जमिनीवर जाऊन बसलं. कोणी गणित झाल्याबरोबर वही घेऊन टेबलाशी आलं. दोघी मागच्या मुलीला समजावत उभ्या राहिल्या. तिनं आवाज चढवला, मुलं गप्प झाली आणि पुन्हा तेच सुरू झालं. तिसऱ्या दिवसापर्यंत तिच्या बोलण्यात शिकवणं कमी आणि ‘बस खाली’ जास्त झालं होतं. चौथ्या दिवशी तिनं तिघांना तासभर उभं केलं.

इथे एक गोष्ट छात्रशिक्षकांना स्पष्ट सांगायला हवी. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. तासभर उभं करणं ‘शिक्षा नव्हे, शिस्त’ या सबबीखाली बसत नाही. मी तिला हे त्याच दिवशी सांगितलं. तिनं ते मानलं आणि पुढचा प्रश्न केला, “मग मी काय करायचं?” तो प्रश्न अगदी रास्त होता. काय करू नये एवढं सांगून नव्या शिक्षकाला वर्गात परत पाठवणं बरोबर नाही.

ही मुलं कुठून आली

‘कुठून’ म्हणजे शेजारच्या खोलीतून. ती खोली तिनं नीट पाहिलीच नव्हती, कारण तिच्याकडे चौथी होती.

नलीकलीची सुरुवात 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात झाली. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहिल्या आणि युनिसेफच्या मदतीनं ती पद्धत आपल्या शाळांना बेतेल अशी घडवली. 2009-10 पासून ती राज्यभरातल्या सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत आली. या पद्धतीत पहिली, दुसरी, तिसरीची मुलं एकत्र बसतात. भिंतीवर शिकण्याची शिडी असते आणि तिच्या प्रत्येक पायरीला एक कार्ड. कार्डावर चित्राची खूण आणि क्रमांक. मूल शिडीवर आपण कुठे आहोत ते पाहतं, खुणेवरून कार्ड शोधतं आणि त्या खुणेच्या तट्ट्याभोवती, म्हणजे गटाच्या ताटलीभोवती, जाऊन बसतं. असे पाच गट असतात. एकाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी. तिसऱ्याला सोबतच्या मुलांची पूर्ण मदत, चौथ्याला थोडी. पाचव्यातलं मूल एकट्यानं काम करतं. वर दोऱ्यांचं चप्पर आणि त्याला मुलांनी केलेल्या वस्तू टांगलेल्या. भिंतीला खालच्या बाजूला, मुलांचा हात पोचेल असा, लिहायला काळा पट्टा. काम झालं की दाखवायचं, प्रगती तक्त्यावर खूण करायची आणि पुढचं कार्ड घ्यायचं.

आता तिच्या दहा नियमांकडे पुन्हा पाहा. उठू नये. शेजाऱ्याचं पाहू नये. काम झाल्यावर गप्प बसावे. तीन वर्षं या मुलांना शाळेनंच उठायला, शेजाऱ्याला विचारायला आणि काम झाल्याबरोबर पुढचं शोधायला शिकवलं होतं. आणि ती ते चांगलं शिकली होती. एप्रिलमध्ये जे करणारं मूल शहाणं ठरत होतं, तेच करणारं मूल जूनमध्ये वांड ठरलं. मधल्या सुट्टीत मूल बदललेलं नव्हतं, खोली बदलली होती.

हे मी तिला नुसतं सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून पाचव्या दिवशी गणिताच्या तासाला मी मागे बसले आणि चाळीस मिनिटं एकच नोंद ठेवली: कोण उठलं आणि कशासाठी. मुलं 19 वेळा उठली. त्यातल्या 8 वेळा झालेलं काम दाखवायला, 5 वेळा दुसऱ्याचं पाहायला किंवा त्याला सांगायला, 3 वेळा कोपऱ्यातल्या कपाटात काड्या-मणी मिळतात का ते बघायला, 2 वेळा पाण्याला. उरलेल्या एका वेळी एकानं पुढच्याची टोपी ओढली. म्हणजे खोडी म्हणावी असं एकदाच घडलं होतं.

कागद तिच्या हातात दिला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “यातल्या सोळा वेळा तर ती कामच करत होती.” तिथून पुढची बोलणी सोपी झाली. छात्रशिक्षकांना माझी पहिली सूचना हीच राहील. वर्ग ऐकत नाही असं वाटलं की एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा आणि फक्त एक गोष्ट मोजायला सांगा. सगळं टिपायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

संपल्यावर काय?

नोंदीतला मोठा आकडा 8 होता. काम संपलं की दाखवायला येणं. नलीकलीत काम संपण्याला पुढची पायरी असते. चौथीत तिनं पाच गणितं दिली, चौघांची सात मिनिटांत झाली, बाकीच्यांची वीस मिनिटांत. मधली तेरा मिनिटं त्या चौघांनी काय करायचं याचं उत्तर पाठ टाचणात नव्हतं. बहुतेक टाचणांत नसतं. शिक्षकानं काय करायचं ते मिनिटामिनिटानं लिहिलेलं असतं. लवकर संपवलेल्या मुलानं काय करायचं याला रकाना नसतो. आम्ही तिच्या टाचणात तो रकाना घातला आणि त्याला नाव दिलं ‘संपल्यावर’.

मग एक पुठ्ठ्याचा खोका आला. त्यात चार तऱ्हेची कामं, प्रत्येकाला एक खूण. गव्याची खूण म्हणजे वाचायचा उतारा, शेकरूची म्हणजे आकड्यांचं कोडं, खेकड्याची म्हणजे बाहेर बघून येऊन लिहायचं काम, धनेशाची म्हणजे कन्नड शब्द आणि चित्रं. खुणा आमच्या जंगलातल्या, त्यामुळे कोणाला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. भिंतीवर नावांचा तक्ता लावला. काम झालं की मुलानं स्वतः जाऊन खूण करायची. दाखवायला टेबलाशी येण्याची गरज राहिली नाही. नियमांचा तक्ता तिनं आपणहून उतरवला.

पुढचे दोन बाक मागे सरकवून तिथे बस्करं टाकली. इतकंच. खोलीची सगळी रचना पालटण्याच्या फंदात पडू नका. सरकारी शाळेतले बाक जड असतात, झाडलोट मुलांनाच करावी लागते आणि त्याच खोलीत पाचवीही बसलेली असते.

जे खरोखर नवीन आहे ते शिकवावं लागतं

पण चौथी म्हणजे नलीकलीचं चौथं वर्ष नव्हे. पाठ्यपुस्तक आलं, लांबचा फळा आला. कधीतरी दहा मिनिटं सलग ऐकावं लागणार, वहीला तारीख-समास लागणार. हे मुलांना येत असेल असं आपण धरून चालतो आणि येत नाही म्हणून रागावतो. आम्ही ठरवलं की या सवयी एकेक करून, धडा शिकवावा तशा शिकवायच्या. दोन-तीन दिवसांत एकच सवय.

फळ्यावरून उतरवून घेणं हे यातलं सगळ्यात अवघड निघालं. कार्ड नाकासमोर असतं, हातात धरता येतं, शब्दावर बोट ठेवता येतं. फळा दूर आणि उभा. मूल वर पाहतं, खाली वहीत लिहितं, परत वर पाहिलं की ओळ हरवलेली. तीन ओळी उतरवायला अर्धा तास लागायचा आणि आपण म्हणायचो की पोरगं रेंगाळतं. छात्रशिक्षिकेनं एक साधी रीत बसवली. फळ्यावर एकच वाक्य लिहायचं. सगळ्यांनी मिळून ते तुकड्या-तुकड्यांनी म्हणायचं, दोन किंवा तीन शब्दांचा तुकडा. डोळे मिटून तो तुकडा पुन्हा म्हणायचा आणि मग न बघता लिहायचा. लिहून झाल्यावर वर बघून तपासायचं. आठवड्याभरात ओळ हरवणं बरंच कमी झालं. याच कामात एक मुलगी पुन्हा पुन्हा पुढे सरकून फळ्याजवळ जाते हे तिच्या ध्यानात आलं. तिला दूरचं नीट दिसत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्यासाठी तिचं नाव आम्ही वेगळं लिहून ठेवलं आणि तोवर तिला पहिल्या बस्करावर बसवलं.

गणितातही हेच दिसलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वचाचणीत 52 वजा 27 असं उदाहरण होतं. सहा मुलांनी 35 लिहिलं. कारण उघड आहे: दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले. छात्रशिक्षिकेचा शेरा होता, ‘वजाबाकी येत नाही.’ मी त्या सहाही जणांना काड्या दिल्या. दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. सहापैकी पाच जणांनी एक जुडी सोडली, सत्तावीस काढल्या आणि 25 उरल्या म्हणून सांगितलं. त्यांना वजाबाकी येत होती. हातानं केलेलं कागदावर कसं मांडायचं ते येत नव्हतं. म्हणून काड्या आणि वही शेजारी ठेवली. जुडी सोडली की त्याच क्षणी वहीत पाचावर काट मारून वर चार लिहायचं आणि दोनाचे बारा करायचे. हात थांबला की पेन्सिल, पेन्सिल थांबली की हात. काड्या चौथीत ‘लहान मुलांच्या’ म्हणून कपाटात ठेवून दिल्या असत्या तर ही पाचही मुलं वर्षभर ‘कच्ची’ राहिली असती.

सेतुबंधाची चाचणी तपासताना बरोबर-चूक एवढंच मोजू नका. चुकीचं उत्तर मुलानं कसं काढलं ते त्याच्याकडून बोलून घ्या. 35 हे उत्तर आणि 89 हे उत्तर दोन्ही चूकच आहेत, पण दुसऱ्यानं वजाबाकीच्या जागी बेरीज करताना हातचा धरून मिळवलं असेल तर त्याला वेगळं काम लागतं आणि नुसतं चिन्ह न पाहता 79 लिहिलेल्याला त्याहून वेगळं.

व्हरांड्यातलं वाचन

दुसऱ्या आठवड्यात मी पूर्ण खोली सांभाळली आणि तिनं एकेका मुलाला व्हरांड्यात नेऊन पाचेक मिनिटं वाचून घेतलं. आधी सुटी अक्षरं, मग बिनमात्रेचे शब्द, मग मात्रा-वेलांटीचे, मग जोडाक्षरं, शेवटी चार ओळींचा उतारा. मूल जिथे अडेल तिथे थांबायचं, पुढे ओढायचं नाही, आणि जिथे अडलं तो शब्द जसाच्या तसा लिहून ठेवायचा. 14 पैकी 5 जणांनी उतारा सहज वाचला, 4 जणांनी शब्द-शब्द तोडत. 3 जण जोडाक्षराला अडले. 2 जणांची मात्रा-वेलांटीतच गल्लत होत होती.

त्या दोघांपैकी एका मुलीची वही वर्गात सगळ्यात नीटनेटकी होती. छात्रशिक्षिकेनं पहिल्या आठवड्यात ती वही इतरांना दाखवली होती. मुलगी अक्षराचा आकार हुबेहूब उतरवत होती. काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. सुबक वही पाहून मूल वाचतं असं धरू नये, हे तिला मी सांगण्याआधीच कळलं. त्या दिवसापासून ती उतरवलेलं प्रत्येक वाक्य त्या मुलीकडून वाचून घ्यायला लागली.

ही मुलगी गवळीवाड्यावरची. घरची बोली वेगळी, पुस्तकातले कितीतरी शब्द तिच्या कानांवरून कधी गेलेले नव्हते. तिच्यासाठी छात्रशिक्षिकेनं एक वेगळी वही केली. मुलगी सांगेल ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहायचं आणि तेच तिनं वाचायचं. म्हशी, ताक, वाट, रानातला ओढा असं काहीबाही. वाचायला लागायला आधी ओळखीचे शब्द हवेत. पुस्तकाचे शब्द नंतर येतात.

वाचनाची तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती करायला दुसरं माणूस लागतं. एकशिक्षकी खोलीत चौदा मुलांना एकेकटं बाहेर नेणं अशक्य आहे. इंटर्नशिपच्या काळात वर्गात दोघं असतात, ही संधी पुन्हा मिळत नाही. तुमचे मार्गदर्शक शिक्षक पाठांची संख्या पूर्ण करण्याच्या मागे असले तरी हे काम आपण होऊन मागून घ्या.

गोव्याहून आलेला मुलगा

आमच्या भागातली बरीच माणसं गोव्यात कामाला असतात. एका मुलाचे वडील तिकडून परत आले आणि तो जूनमध्ये थेट चौथीत दाखल झाला. तिसरीपर्यंत गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलेला. मराठी वाचन उत्तम, गणित बरं. नलीकली त्यानं पाहिलेली नव्हती, त्यामुळे बाकावर तो व्यवस्थित बसायचा. पहिल्या आठवड्यात छात्रशिक्षिकेचा तोच एक आधार होता. पण कन्नडचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. बाकीची मुलं खालच्या वर्गापासून कन्नड शिकत आलेली. कन्नडच्या तासाला तो मान खाली घालून बसायचा आणि तिसऱ्या तासाला पोटात दुखतंय म्हणाला.

त्याला कन्नडपुरता पहिलीच्या मुलांत बसवावा अशी एक सूचना आली होती. मी ती मान्य केली नाही. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की अक्षरं येतील, पण तो शाळेत येणं टाळायला लागेल. पाचवीतल्या एका मुलीबरोबर त्याची जोडी लावली आणि अक्षरमालेऐवजी त्याच्या डोळ्यांसमोर रोज येणाऱ्या पाट्यांपासून सुरुवात केली. एसटीच्या पाटीवरचं ‘खानापूर’, ‘बेळगावी’, शाळेच्या कमानीवरचं गावाचं नाव, कन्नड आकडे. एका गावाच्या नावातली अक्षरं दुसऱ्या नावात शोधायची. अक्षरमाला पुरी व्हायला वेळ लागला, पण पोटदुखी थांबली. सीमाभागात असं एखादं मूल दरवर्षी येतं, कधी गोव्याहून, कधी चंदगड-कोल्हापूरकडून. दाखला आणि ऑनलाइन नोंद या गडबडीत त्याला काय येतं ते विचारायचं राहून जातं. आल्या दिवशीच विचारावं.

पालक, पाऊस आणि पाठ-निरीक्षण

मृग लागला तशी हजेरी खाली-वर व्हायला लागली. धूळवाफ पेरणी आधीच झालेली असते, पण शेतावर काम थांबत नाही. त्यातच एक आजोबा नातवाला सोडायला आले आणि खिडकीतून बघून म्हणाले, “चौथीत गेलं तरी पोरगं अजून कार्डंच खेळूलाय काय? पुस्तक कधी धरणार?” छात्रशिक्षिका गांगरली. मुख्याध्यापकांनी आजोबांना आत बोलावलं, तक्ता दाखवला आणि नातवाला उतारा वाचायला लावला. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या बोलण्यातला एक मुद्दा खरा होता. पाठ्यपुस्तकं आम्ही भिजू नयेत म्हणून शाळेत ठेवत होतो. घरच्यांना मूल काय शिकतं ते दिसायला पुस्तक घरी जायला हवं. त्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुस्तकं घरी द्यायला लागलो.

खऱ्या पावसानं तिला जे शिकवलं ते माझ्या सांगण्यानं झालं नसतं. आमच्या खोलीवर पत्रे आहेत. जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला की पहिल्या बाकापलीकडे शिक्षकाचा आवाज जात नाही. ओरडून उपयोग नाही. अशा दिवशी मोठ्यानं शिकवायचा पाठ बंदच पडतो. त्या सुमाराला खोका आणि तक्ता मुलांच्या अंगवळणी पडले होते. पावसाच्या आवाजात पंचवीस मुलं आपापलं काम घेऊन बसली आणि ती एकेका गटाजवळ जाऊन खाली बसून शिकवत राहिली. मुलं उठत होती, एकमेकांना दाखवत होती, पण कोणाच्या मागे धावावं लागलं नाही.

महाविद्यालयातून पाठ-निरीक्षणाला प्राध्यापक आले तेव्हा मात्र ती घाबरली. टाचणातल्या पायऱ्या ठरलेल्या, आणि तिच्या वर्गात ती स्वतः जेमतेम दहा मिनिटं बोलत होती. तिला एवढंच सांगितलं की रोज जे करतेस तेच कर आणि टाचणात तेच लिही. निरीक्षणासाठी वेगळा पाठ रचला की मुलं गोंधळतात आणि ते लगेच दिसतं. शेरा आला: ‘फलक लेखन कमी.’ तो तिनं मनावर घेतला आणि पुढच्या पाठांत एक वाक्य जास्त लिहिलं. ‘संपल्यावर’चा रकाना प्राध्यापकांनी विचारून आपल्या वहीत उतरवून घेतला.

सगळं जमलं असं नाही. चौथीकडे लक्ष देताना पाचवीच्या मुलांना अनेकदा स्वतःच्या भरवशावर राहावं लागलं, आणि त्यांच्यातल्या दोघींनी तसं बोलूनही दाखवलं. मात्रेत अडणाऱ्या दोघांपैकी गवळीवाड्यावरची मुलगी साधी वाक्यं वाचायला लागली. दुसरा मुलगा रोपलावणी सुरू झाल्यावर धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिला आणि त्याचं वाचन होतं तिथेच थांबलं. त्याच्या घरी आम्ही दोघी गेलो. आई म्हणाली, “लावणी आटपू दे, पाठवते.” तिनं पाठवलं, पण मधले दिवस गेले ते गेलेच.

इंटर्नशिप संपताना छात्रशिक्षिकेनं प्रत्येक मुलामागे एक पान लिहून दिलं: वाचन कुठे अडतं, एकट्यानं काय करू शकतं, कोणाबरोबर काम चांगलं होतं, घरी काय अडचण आहे. गुणांच्या यादीपेक्षा ती चौदा पानं मला वर्षभर जास्त उपयोगी पडली. तेव्हापासून आमच्या शाळेत असं ठरलं आहे की 10 एप्रिलला सुट्टी लागण्याआधी नलीकलीच्या शिक्षिका तिसरीच्या प्रत्येक मुलाबद्दल असंच एक पान मला देतात आणि मार्चपासून तिसरीची मुलं रोज थोडा वेळ माझ्या खोलीत येऊन बाकावर बसतात, फळ्यावरचं एक वाक्य उतरवतात, वहीला समास आखतात. जूनमध्ये खोली त्यांना अनोळखी राहत नाही. बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी असं पान नसतं, त्यांची पाच मिनिटं अजूनही शाळा उघडल्यावर व्हरांड्यातच होतात, आणि त्या वर्षी इंटर्नशिपला कोणी आलं नसेल तर मुख्याध्यापक तेवढ्यापुरते माझ्या खोलीत उभे राहतात.